तेलाचा डाग

खानापूरच्या बीआरसीत तारीखच ठरेना.
मी शनिवार लिहिला: अर्धी शाळा, मास्तर मोकळे.
ठाण्याहून फोन आला, लेया वाक्रूळकर.
"शनिवार सोडून कुठलाही.
आमचे घाणे शनिवारी बंद असायचे,
म्हणून तर गावानं शनिवार तेली म्हटलं.
घाणा गेला, बैल गेला, शनिवार राहिला."
मी खोडून रविवार केला.
गुंजीकडच्या शाळेचे इनास सिद्दी दारात उभे:
"रविवारी मीस असतंय की, बाई."
शुक्रवारी मुल्ला सर दुपारचे नसतात.
शेवटी बुधवार.
त्यावर कुणाच्या देवानं हक्क सांगितला नाही.
विषय वाचायच्या आधीच अर्धा विषय झाला होता,
मी मात्र खाडाखोडीवर शिक्का मारत बसले होते.

बत्तीस शिक्षक, एक पंखा.
परिपत्रक कन्नडात, हजेरी मराठीत,
विषय: यहुदी आणि काळ्या लोकांचा इतिहास
वर्गात जोडून शिकवणे.
मागच्या बाकावरून हलगेकर सर:
"जर्मनी लांब, अमेरिका लांब,
आमच्या पोरांना अजून लोंढा लांब हाय."
हशा. लेयाबाईही हसल्या.

फळ्याकडे त्या गेल्याच नाहीत.
पिशवीतून शेंगतेलाची बाटली काढली
आणि दोन कागद.
एकावर कोटाला शिवलेली पिवळी चांदणी.
दुसऱ्यावर लिलावाची यादी:
नाव, वय, दात, किंमत.
एकावर एक ठेवून वर थेंब टाकला.
डाग पसरला,
चांदणीतून हळूहळू कुणाचं तरी वय वर आलं.
एकोणीस.

"चिकटवू नका," त्या म्हणाल्या,
"आणि तागडीत तर घालूच नका.
कुणाचं किती शेर, हे पोरं विचारतील.
खालचं दिसेल एवढंच तेल."

मग घरचं सांगितलं.
कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज,
सात जोडपी वाचली म्हणतात.
सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं: सात.
इनास सर तेवढे लिहीत नव्हते.
"बाई, तुमचं जहाज फुटलं, तुम्ही वाचलात.
आमचं फुटलं नाही.
नीट गोव्याच्या धक्क्याला लागलं."

पंखा. बाहेर कुणाची तरी गाडी किक घेईना.

मग थांबत थांबत:
पणजीची आजी रात्री घाट चढून आली,
भीमगडच्या रानात राहिली.
पायातलं लोखंड कुठं तोडलं, कुणी तोडलं,
हे घरात सांगितलं जात नाही.
"तुम्हाला वाक्रूळ आहे. गावाला कर लावला, झालं आडनाव.
आमच्या रकान्यात कारकुनानं सिद्दी लिहिलं.
पोरं विचारत्यात, सर, गाव कुठलं?
मी म्हणतो, गुंजी.
म्हणत्यात, त्याच्या आधीचं?"

लेयाबाईंनी बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं.
"मलाही विचारतात," म्हणाल्या.
"मी मराठीत उत्तर देते, तरी विचारतात."

जेवणात पुलाव होता. दोघं एकाच बाकावर बसली,
लोणच्याच्या तेलाबद्दल काहीतरी बोलत होती,
मला नीट ऐकू आलं नाही.

शेवटी अभिप्राय फॉर्म.
प्रशिक्षण उपयुक्त होते का: होय किंवा नाही.
हलगेकर सरांनी बराच वेळ पेन नुसतं धरलं.
मग दोन्ही शब्द सोडून खाली लिहिलं:
सहावीत एक सिद्दी मुलगी आहे, सेलिना.
शेवटच्या रांगेत बसते.
मीच बसवली आहे.

गठ्ठा बांधताना माझ्या हाताला तेल होतं.
मराठी फॉर्मवर डाग उमटले
आणि डागांतून खालच्या परिपत्रकाची
कन्नड अक्षरं वर आली, गोल गोल,
स्वच्छ वाचता येतील अशी.

आठवड्यानं बेळगावहून गठ्ठा परत आला.
शेरा: कागद डागाळलेले आहेत,
कोऱ्या प्रती भरून पाठवाव्यात.

दोन स्मरणपत्रं झाली.
गठ्ठा माझ्या कपाटात आहे,
वास येतो, शेंगदाण्याचा.